सभेपुरती वीज

“एकच तास, लोला आजी. मनिलाहून साहेब आलेत, माइक तर चालला पाहिजे ना!” गावच्या कारभाऱ्याने, कप्तान एल्पिडियोने, म्हाताऱ्या मेनांगच्या बॅटरीत वायर खुपसली, बदल्यात पुठ्ठ्याचे दोन पंखे दिले आणि वायरचं दुसरं टोक शेजारच्या सभागृहाकडे ओढत नेलं. एका पंख्यावर हसणारा अणू होता, दुसऱ्यावर हसणारा सूर्य.

बॅटरीचा आकडा अडतीस टक्के होता. वादळाने गावची वीज नेऊन तीन दिवस झाले होते आणि आभाळ अजून ढगांनी मिटलेलंच होतं. त्या अडतिसात मेनांगच्या नवऱ्याला, तासियोला, उद्या सकाळपर्यंत श्वास घ्यायचा होता. खाटेजवळचं ऑक्सिजनचं यंत्र याच बॅटरीवर घरघरत होतं. पण नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? तिचं छप्पर झावळ्यांचं. सोलरची पॅनेलं सभागृहाच्या छपरावर बसवू दिली होती ती कप्तानानेच.

“कसली सभा?” तासियोने धापा टाकत विचारलं.

“तुझं ते अणुकेंद्र. सुरू करायचं की नाही.”

“अजून ठरलं नाही?”

टेकडीवरच्या त्या केंद्राने आजवर एक दिवा लावला नव्हता. तासियोने तिथे बावीस वर्षं बटणांवरची धूळ पुसली. दाबायचं मात्र एकही नाही, अशी सक्त ताकीद होती.

आकडा एकतीस. मेनांगने प्लगला हात घातला आणि सभागृहात प्रार्थना सुरू झाली. देवाची वीज कशी तोडणार? मग राष्ट्रगीत. ती छातीवर हात ठेवून चुलीपाशी ताठ उभी राहिली. मग प्रांताचं गीत. मग पाहुण्यांची ओळख. पाहुणे सव्वीस, त्यातल्या एकाच्या दिवंगत वडिलांचीही ओळख झाली.

एकोणीस.

“केंद्र सुरू झालं की या गावातली वीज जन्मात जाणार नाही!” टाळ्या.

“केंद्र कशाला? शेजारच्या लोलाकडे बघा! घरोघरी सूर्य, घरोघरी बॅटरी!” जास्त टाळ्या.

कप्तान धावत आला. “लोला, चला, साहेबांना तुम्हाला बघायचंय!”

“एल्पिडियो, वायर काढ रे. जीव जाईल त्याचा.”

“अहो, दुसऱ्या बाजूची दहा मिनिटं बाकी आहेत. आत्ता काढली तर पक्षपात होईल!”

मेनांगने वायर उपटली. आकडा अकरा होता. दहाला ही बॅटरी आपोआप झोपायची. यंत्राने तो उरलेला एकही ओढला आणि ती झोपली. यंत्राने एक लांब शिट्टी मारली आणि घरघर थांबली.

कप्तानाचा चेहरा पांढरा पडला. “दवाखान्यातून सिलिंडर आणतो,” म्हणत तो पळाला. रस्त्यात झाडं आडवी पडली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

मेनांग खाटेपाशी बसली. एका हातात अणू, एका हातात सूर्य घेऊन वारा घालू लागली.

“कोण जिंकलं?” तासियोने विचारलं.

“बोलतायत अजून.”

बोलतच होते, माइकशिवाय, नरड्याच्या शिरा ताणून. तासियोचं बोट चादरीवर फिरत होतं, धूळ पुसावी तसं. एक जागा झाली की पुढची.

मग ते थांबलं. ती वारा घालत राहिली.