फुकटची लादी

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात कमी नाहीत, पण बर्फवाल्यांचं घराणं त्यातलं नव्हतं. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि लांबचं लेकरू यायचं असलं, की त्यांच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या फुकट यायच्या. घरातल्या कर्त्यानं त्या स्वतः उचलून न्यायच्या, असा आजोबांपासूनचा शिरस्ता. लोक थट्टा करायचे, "सरबतात खडा हवा तर पैसे मोज, अख्खी लादी हवी तर मर." वेळ आली की थट्टेखोरही त्याच दाराशी जायचे.

या वेळी लादी मशीनवाल्याच्या घरी आली. तो त्याच कारखान्यात अमोनियाच्या वायूनं गुदमरून गेला होता.

थोरल्या शेठनी भुसा झटकून लादी त्याच्या कुशीला लावली. "वहिनी, मुलगा येईपर्यंत लागेल तेवढा बर्फ आणतो," म्हणताना त्यांनी बाहीनं डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर तिला सोपं गेलं असतं.

कारण नवरा कित्येक दिवस लाल डोळे घेऊन घरी येत होता. "व्हॉल्व गळतोय. शेठना सांगितलंय. सीझन संपला की बदलू म्हणतात." ती त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायची आणि शेठना मनातल्या मनात शिव्या घालायची. सगळ्या गावात तशी ती एकटीच असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखाने तपासणारे साहेब आले. आदल्या दिवशीच्या लाद्यांचं पाणी होऊन उंबऱ्याबाहेर गेलं होतं. उन्हानं पत्रा तापला होता, आणि नवऱ्याचा चेहरा काळवंडायला लागला होता. मुलगा संध्याकाळी पोचणार होता. इस्पितळातली शीतपेटी बंद, आणि गावात दुसरा बर्फ नाही.

साहेब दारातच उभे राहून विचारत होते, "घरी कधी काही बोलले होते? व्हॉल्व, पाइप, गळती?"

त्यांच्या मागे थोरले शेठ उभे होते. पाठीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, कंबरेत वाकलेले. साहेब बाजूला होण्याची ते वाट बघत होते, की तिच्या उत्तराची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "काही बोलले नव्हते."

साहेब सरकले. शेठ आत आले.

मुलाला बापाचं तोंड बघायला मिळालं. "झोपल्यासारखे वाटतात गं," म्हणून तो हमसून रडला. सगळं उरकल्यावर शेठनी अंगणात त्याचा हात धरला. "लांबची नोकरी कशाला? बाबांची जागा तुझीच. आईजवळ राहा." शेजारणी पुटपुटल्या, देवमाणूस.

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "तो व्हॉल्व गळत होता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "यांना माहीत होतं. तू तिथे जायचं नाहीस."

शेठनी मान खाली घातली. शेजारीण हळूच म्हणाली, "दुःखात माणूस काहीबाही बोलतं. दुपारी साहेबांना तर नाही म्हणाली होती."

मुलानं तिला दंडाला धरून आत नेलं. "आई, बाबांचं तोंड मला कुणामुळे दिसलं? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

तिला खाटेवर बसवून तो बाहेर गेला. त्यानं शेठची माफी मागितली, आणि कामावर कधीपासून यायचं तेही विचारून घेतलं.