आठवं वचन

१ जया चारला कारखान्यातून आली, बादलीत पाय बुडवून बसली, मग पवित्र शास्त्र, बायबल, घेऊन आईच्या खाटेशी आली. २ देवासच्या या दोन खोल्यांत रोज एक अध्याय वाचतात, क्रमाने, काही न गाळता, नावांच्या याद्यासुद्धा; शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं. वडिलांनी लावलेली शिस्त. वडील गेले, आईचे, यमुनाबाईंचे, डोळे गेले, ३ वाचन चालू राहिलं.

४ जया त्रेपन्न वर्षांची, एकटी. सकाळी सहाची शिफ्ट, पॅकिंगला. त्याआधी आईला पुसणं, डायपर, गोळ्या, दुपारचा डबा उशाशी.

५ उद्या इंदूरच्या वृद्धाश्रमाची गाडी आईला न्यायला येणार. फॉर्मवर सही जयाची. धाकटा भाऊ यशवंत धारहून फोनवर हो म्हणालाय. आईला सांगितलंय, तपासणीला जायचंय.

६ आणि आज पौलाच्या पत्राचा हा अध्याय आला, विधवांविषयीचा. जयाला कालपासून माहीत होतं.

७ शाळा सगळी हिंदीत झालेली. मराठी वाचायला ती याच पुस्तकावरून शिकली, म्हणून अडखळते. सातव्या वचनाशी अडखळली आणि

९ पुढे गेली.

"थांब. आठवं राहिलं," आई म्हणाली.

"वाचलं की."

"डोळे गेलेत गं माझे. कान आहेत."

"मी थकलेय, आई. लिहिणाऱ्याला सहाची शिफ्ट नव्हती."

"त्याला तुरुंग होता. वाच."

८ जयाने वाचलं. जो कुणी आपल्या माणसांना, त्यातून घरच्यांना, सांभाळत नाही, त्याने विश्वासच टाकला म्हणून समजा.

१० "गाडी किती वाजता येणार?" आईने विचारलं.

जया उशाशी ठेवलेला दुपारचा डबा उचलायला वाकली.

"मोरीत उभी राहून बोलतेस फोनवर. सगळं ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आज हा अध्याय येणार होता. यशवंताला फोन लाव. दर रविवारी धारला मंडळीपुढे उपदेश करतो तो. त्याच्यासाठीही लिहिलंय."

११ जयाने स्पीकर लावला आणि आठवं वचन पुन्हा वाचलं. या वेळी अडखळली नाही.

"अरे यार ताई, हे काय आता!" यशवंत म्हणाला. "शास्त्र बरोबरच आहे, पण..."

"पण कितव्या वचनात आहे रे?" आई म्हणाली.

"आई, नीरजाची कंबर, पोरांच्या परीक्षा... नाताळानंतर बघतो."

"बघतो?"

"नेतो. नाताळानंतर. तीन महिने ठेवतो."

"आत्ता ऑगस्ट आहे," जया म्हणाली. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग फोन कट.

१२ शास्त्र मांडीवर उघडंच होतं. जयाने मनात ऑगस्ट ते डिसेंबर सकाळी चारला उठून पाहिलं. आश्रम चांगला होता, ती स्वतः बघून आली होती. खिडकीशी पलंग. कुणाला विचारलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, पाठव, यात पाप नाही.

पण तिने दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. वचन गाळून पाहिलं होतं.

१३ तिने आश्रमाला फोन लावला.

"कल की गाड़ी मत भेजिए."

"क्या हुआ दीदी? कारण लिखना पड़ेगा."

"लिख दीजिए, घर पे ही रहेंगी."

१४ "मनापासून केलंस?" आईने विचारलं.

"नाही."

आईने अंदाजाने हात पुढे केला. जयाने तो धरला नाही. कूस बदलायची वेळ झाली होती. तिने आईच्या पाठीखाली हात घातला आणि वळवलं.