चढावर बंद पडलेली गाडी

मिस्त्रीने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या तारा जोडल्या, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

गाडीशेजारी उभी असलेली ती दोन पावलं मागे सरकली. काळा धूर निघाला, करडा झाला, विरून गेला. पत्र्याच्या शेडमध्ये तो खाकरल्यासारखा जाडाभरडा आवाज भरून राहिला. ती कॉलेजात असताना बाबांनी ही गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हापासूनच तिचा आवाज असा होता. बाबा गाडीला म्हैस म्हणायचे. काळी, अंगाने अवाढव्य, आणि मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी आपल्याच चालीने जाणारी.

"बॅटरी उतरली होती, ताई," मिस्त्री आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "तीन आठवडे उभी राहिली की उतरणारच. पडून राहिला तर माणूससुद्धा आखडतो."

"पण ती बंद पडली होती."

"असं कोण म्हणतं?"

तिने शेडबाहेर पाहिलं. जुन्या टायरांच्या चळतीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आई बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. गाडी सुरू झाल्याचं ऐकूनही तिने मान वळवली नव्हती.

म्हणत तर सगळेच होते. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी बाबांच्या छातीत कळा येऊ लागल्या. आईने त्यांना गाडीत बसवलं आणि स्वतः चालवत निघाली. घर टेकडीच्या पलीकडे, दवाखाना अलीकडे, गावात, मध्ये चढ. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोने दोघांना खाली आणलं, तोवर सगळं संपलं होतं. विचारेल त्याला आई एवढंच सांगायची, आणि दर वेळी याच शब्दांत.

दादाला तेवढं पुरत नव्हतं. बंद कशी पडली? पुन्हा चालू करून पाहिलीस का? मला फोन का नाही केलास? तो रोज संध्याकाळी विचारायचा आणि आई म्हणायची, सुचलं नाही. दोर लावून गाडी इथे ओढून आणवली तीही दादानेच. ती सुरू होते का हे बघण्याचंसुद्धा तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. उद्या तो येणार होता. मिस्त्रीच्या तोंडून बिघाड ऐकायचा, गाडी भंगारात घालायची आणि आईला आपल्याकडे न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गाडी नसेल तर टेकडीपलीकडे आई एकटी राहणार कशी, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणून ती आजच आली होती. गाडी दुरुस्त होण्यासारखी असेल तर उद्याच्या आत ठरवून मोकळं व्हायचं होतं. काल फोनवर तिने गाडीचं जरा कौतुक केलं तेव्हा दादा म्हणाला होता, "मेल्या म्हशीला मणभर दूध." आणि लगेच फोन ठेवून दिला होता.

"क्लच प्लेट झिजलीय," मिस्त्री बोटांवर मोजत सांगू लागला. "रेडिएटर गळतोय. खालचा पत्रा गंजलाय. साडेतीन लाख किलोमीटर पळालीय, अजून काय व्हायचं? खर्च ऐकलात तर मलाच गाडीखाली घालाल. पण वाटेत बंद पडणाऱ्यातली नाही ही."

"चढावर पडली होती."

"चला मग चढावर."

गाडी शेडबाहेर निघताच आई खुर्चीतून अर्धी उठली.

"कुठे नेताय? बघितली ना आत?"

"जरा फिरवून आणतो, काकू," मिस्त्री म्हणाला.

आई उभीच राहिली. आरशात ती लहान होत गेली, तरी बसलेली दिसली नाही.

गाव मागे पडलं आणि रस्ता वर उचलला गेला. ती डावीकडच्या सीटवर होती. दारावरची मूठ तिने कधी धरली हे तिलाच कळलं नाही. मिस्त्रीने गिअर उतरवला. गाडी धापा टाकत, पण न अडखळता चढत राहिली. प्रत्येक वळणाला तिची मूठ आणखी आवळत गेली. आपण गाडी बंद पडायची वाट पाहतोय हे लक्षात आलं तेव्हा तिने मूठ सोडून दिली.

माथा ओलांडून मिस्त्री घराच्या बाजूला खाली उतरला, तिथे गाडी वळवली आणि गावाच्या दिशेने पुन्हा चढू लागला. ऐन चढावर, जिथे रस्त्याकडेला जरा रुंद जागा आहे तिथे, त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. टेकडीच्या खांद्यापलीकडे खाली गाव पसरलं होतं आणि त्यात दवाखान्याची पांढरी इमारत अगदी स्पष्ट दिसत होती.

"ह्याच जागी ना?"

तिने मान हलवली.

त्याने पुन्हा किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. मागे न घसरता तो तिला टेकडीच्या माथ्यापर्यंत घेऊन गेला आणि गावाकडे उतरू लागला.

"हे बघा," उतरताना तो म्हणाला. "घाईत होतं असं. काकू घाबरल्या असतील, क्लच लवकर सुटला असेल. पण मग लगेच परत सुरू व्हायला हवी होती. आता काकूंना मी काही म्हणणार नाही. पण उद्या तुमच्या भावाने तोंडावर विचारलं, तर खोटं काय सांगू?"

दोघं शेडपाशी परत आले तेव्हा आई अजून उभीच होती.

"चढली?" तिने विचारलं.

"चढली."

आईने पर्सची चेन उघडली. आत काही शोधलं नाही. बंद केली.

"भंगारात देऊन टाक. दादाचंच बरोबर आहे."

"आई, मिस्त्री म्हणतो, घाबरून तुझ्या हातून बंद पडली असेल. मी दादाला तसं सांगते. समजून घेईल तो."

"मी घाबरले नव्हते."

आत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आई खुर्चीत बसली आणि तो आवाज थांबायची वाट पाहत राहिली.

"वळणावर ते म्हणाले, थांब जरा. मला वाटलं उलटी होतेय. थांबवली मी. तर म्हणाले, किल्ली काढ, फार आवाज होतोय."

ती आईशेजारी टायरांच्या चळतीवर बसली.

"मग?"

"मग काढली. दवाखाना दिसतच होता समोर. म्हणाले, आता पुन्हा त्या नळ्या नकोत. मी काही ऐकलं नाही. किल्ली परत लावली, तर मनगट धरलं माझं. तू बघितलेयत ना त्यांचे हात, शेवटी शेवटी? काही जोर नव्हता. सहज सोडवता आलं असतं मला."

आईने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"नाही सोडवलं."

तिने आईच्या मांडीवरची पर्स सारखी केली. ती पडत नव्हती तरी.

"दादाला—"

"बाप गेलाच आहे त्याचा," आई म्हणाली. "हे कळलं तर आईपण जाईल. नको."

"तुला गाडी हवी आहे?"

"हवी असून काय करू? चालती गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली की तो विचारणारच." आईने पहिल्यांदाच गाडीकडे नीट पाहिलं. "धुवायला झालीय," ती म्हणाली.

लेकीच्या हातातला फोन वाजू लागला. दादा. तिने तो वाजू दिला आणि शेडमध्ये गेली.

"मिस्त्री, अशी गाडी चढावर आपोआप बंद पडायची असेल, तर काय बिघडावं लागतं?"

"आपोआप?" तो हात पुसता पुसता थांबला. "डिझेलचा फिल्टर तुंबला तर. इंजिनाला चढावर डिझेल जास्त लागतं, आणि नेमकं तिथेच ते पोचत नाही. मग कितीही किल्ली फिरवा."

"तो बदला."

"नवा आहे, ताई. दोन महिन्यांमागे मीच बसवला. काका डोक्यावर उभे राहून बघत होते."

"क्लच करा, रेडिएटर करा, पत्रा करा. गाडी आम्ही ठेवतोय. पण आधी फिल्टर बदला. आणि जुना टाकू नका, उद्या माझ्या भावाला दाखवायचाय."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून बाहेर, खुर्चीकडे पाहिलं. तो काही विचारेल म्हणून ती ताठ उभी राहिली.

"बिघडलेला माल चांगला म्हणून खपवणारे पुष्कळ बघितले," तो म्हणाला. "चांगला माल बिघडलेला म्हणून मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. आणि दोन महिन्यांत तुंबलाच कसा, म्हणून तो मला धरेल त्याचं काय?"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत असावं. मिस्त्री मान हलवत पाना शोधायला वळला.

"भेसळीचं डिझेल असलं की कुणाचाही तुंबतो," पाठमोराच तो म्हणाला.

बॉनेट उघडलं. फिल्टरचा डबा सुटला, त्यातून डिझेलची धार लागली आणि ओसरली. आतला घड्या घातलेला कागद पिवळसर, जवळजवळ कोरा होता. मिस्त्रीने तो उजेडात धरून फिरवून पाहिला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला.

"काय गं, उचलत का नाहीस?" दादा म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "बघितली का त्याने? सापडलं काही?"

मिस्त्री खाली वाकला. बाकाखाली जळक्या ऑइलचा ट्रे होता, तळाशी काळा गाळ साचलेला. त्याने फिल्टर त्यात बुडवला, बोटांनी घड्यांमध्ये गाळ नीट भरला, आणि उलटा करून पुन्हा बुडवला.

"सापडलं," ती म्हणाली.