बिराप्पाचं बोलणं

तामलवाडीचा शिवराज सलगर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला, तेव्हा अण्णारावांनी फाट्यावर बॅनर लावला. शिवराजचा फोटो लहान, अण्णारावांचा मोठा. अण्णाराव सत्ताधारी पक्षाचे, आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटावर त्यांचा डोळा होता.

शिवराजच्या बायकोला, अक्षदाला, बॅनरचं काही वाटलं नाही. तिचा राग नवऱ्यावर होता. त्यानं आपणहून नाव दिलं होतं.

"हुकूम आला असता तर म्या एक शब्द बोलले नसते," ती त्याला म्हणाली होती. "तुमाला कुणी ढकललं व्हतं तिकडं?"

तो नुसता हसला होता. त्या देशाचं नाव सासूच्या, नागूबाईच्या, जिभेवर कधी बसलंच नाही. ती 'तिकडं' एवढंच म्हणायची.

मग तिकडं छावणीवर हल्ला झाला. दोन जवान गेले. शिवराज वाचला, त्याचा फोन आला तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण टीव्हीवर भांडण पेटलं. विरोधक म्हणायचे, परक्याच्या लढाईत आपली पोरं कशाला? सरकारची माणसं म्हणायची, हा देशाच्या इज्जतीचा सवाल आहे. गेलेल्या दोघांची नावं दोन दिवसांत कुणी घेईना.

तालुक्यात विरोधी पक्षाचं काम कृष्णराज बघायचा. त्यानं हायवेवर रास्ता रोको ठेवला आणि गाडी घेऊन थेट रानात गेला. शिवराजचे वडील, बिराप्पा, मेंढरं चारत होते.

"काका, दोनच शब्द बोला. पोराच्या जिवाचा प्रश्न हाय."

बिराप्पांनी मेंढरं शेजाऱ्यावर सोपवली आणि गाडीत बसले.

अक्षदा त्या दिवशी लेकीला घेऊन तुळजापूरला दवाखान्यात गेली होती. परतताना एसटीत शेजारच्या पोरीच्या मोबाइलमधून ओळखीचा आवाज आला. तिनं वाकून बघितलं. मामा! सासऱ्याला ती मामाच म्हणायची. डोक्याला कुणीतरी बांधलेला भगवा फेटा, तोंडापुढं माइक, बाजूला कृष्णराज.

"माझ्या पोराला घरी आणा," मामा म्हणत होते. मग कृष्णराज त्यांच्या कानाशी वाकला आणि मामा अडखळत म्हणाले, "सरकारनं... आमची पोरं विकली."

लोकांनी टाळ्या पिटल्या. एसटीत अक्षदाच्या कानशिलाची आग झाली.

संध्याकाळी शिवराजचा फोन आला.

"आबा, काय बोलून बसलात? साहेबांनी बोलावून घेतलं मला. विकली म्हणं! मी बाजारातलं मेंढरू हाय का? पोरं हसायलीत मला इथं."

बिराप्पा फोन कानाला लावून उभे राहिले. फोन तिकडून कट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णाराव दारात. सोबत व्हिडिओ काढणारा माणूस.

"बिराप्पा, झालं ते झालं. आता एवढंच म्हणा, म्या अडाणी माणूस, मला फसवून नेलं, मला त्यातलं काय कळत न्हाय. पोराची नोकरी वाचंल."

नागूबाई रडकुंडीला आली. "म्हणून टाका की वो! लेकरापुढं काय मोठं हाय?"

अक्षदा पुढं झाली. "अडाणी कशापायी म्हणायचं? लेकराला घरी आणा म्हणायला शाळा शिकावी लागते व्हय?"

"सूनबाई, तुम्ही मधी पडू नका."

"मधी तुम्ही पडलाव! काल कृष्णराजनं शब्द कोंबले, आज तुम्ही कोंबायलाव. मामांचं तोंड म्हंजे काय तुमच्या पक्षाचा भोंगा हाय?"

बिराप्पांनी हात वर केला. "विकली म्हणालो ते माझं न्हाय. ते कृष्णराजनं कानात सांगितलं. तेवढं म्या मागं घेतो. पण पोराला आणा म्हणालो, ते माझं हाय. ते मागं घेत न्हाय."

"तेवढ्यानं भागत न्हाय," अण्णाराव म्हणाले, आणि व्हिडिओवाल्याला घेऊन गेले.

अक्षदानं आपला मोबाइल काढला. "मामा, आता बोलला ते सगळं परत बोला." बिराप्पा ओट्यावर ताठ बसून, बिनफेट्याचे, तेच बोलले. तिनं तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, अण्णारावांना पाठवला, कृष्णराजला पाठवला, शिवराजला पाठवला. कुणी पुढं धाडला नाही. तो कुणाच्याच कामाचा नव्हता. शिवराजनं बघितला, पण उत्तर दिलं नाही.

पुढं निवडणूक लागली आणि तिकीट वाटपाच्या गोंधळात कृष्णराज अण्णारावांच्या पक्षात गेला. प्रचाराला दोघं एकाच जीपमधून आले. हातात हार, शाल. "शूर जवानाच्या वडिलांचा सत्कार करायचाय," कृष्णराज म्हणाला. "मागचं इसरून जावा, काका."

अक्षदाच्या हातात पाण्याची घागर होती. तिनं ती धाडकन खाली ठेवली.

"उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय! पोरं विकली म्हणत व्हतास ना? आता कुणाच्या जीपमधी बसलास? माझ्या सासऱ्याच्या तोंडून बोललास आन् माझ्या नवऱ्याला बापावर वरडाय लावलंस. आन् अण्णाराव, तुमाला तर लाज बी न्हाय. हार घेऊन जावा, दुसरं दार बघा!"

गल्ली गोळा झाली. अण्णाराव काहीतरी हसण्यावारी न्यायला लागले, पण कुणी हसलं नाही. जीप मागं वळली.

ही बातमी तिकडं पोचली. शिवराजचा फोन आला, तो अक्षदाला. "मोठी माणसं हायत ती, वैर कशाला घेतलंस?"

"बापानं घरी बोलावलं, त्याची तुमाला लाज वाटली," अक्षदा म्हणाली. "आदी त्यांची माफी मागा. मग माझ्याशी बोला." आणि तिनं फोन बिराप्पांच्या हातात दिला.

ते फोन घेऊन मेंढरांकडं गेले. बऱ्याच वेळानं आले.

"पुढच्या महिन्यात पलटण परत येतीय म्हणाला."

"माफी मागितली?"

"न्हाय. रडला नुसता."

"रडू द्या," अक्षदा म्हणाली, आणि घागर उचलून आत गेली.