सीताबाईचं वाळुंज

"हे कण्हेर आहे," नाल्याकाठच्या झुडपांकडे बोट दाखवून मी म्हणालो, आणि सीताबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की माझ्यामागे उभा असलेला शिपाईही चपापला.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आर्वीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात बौद्धवस्तीसाठी विहीर मंजूर झाली होती आणि मी तिचा ओव्हरसियर. डोक्यावर हॅट, काखेत नकाशा, अक्कल कचेरीत. जागा मी टेकाडावर आखली होती, कारण सरपंच बापूरावांनी तीच दाखवली होती. नाल्याकाठची सरकारी जमीन त्यांच्या मळ्याला लागून होती. तिथे या लोकांची विहीर नको, हे त्यांनी मला चहासोबत गोड शब्दांत समजावलं, आणि मीही शहाण्यासारखं समजून घेतलं. त्याची लाज आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

सीताबाई चाळिशीच्या विधवा. नाल्यावरच्या याच झुडपांच्या फांद्या सोलून त्या टोपल्या विणायच्या. त्यावरच त्यांची चूल पेटायची. त्यांनी एक पान खुडून माझ्या नाकासमोर धरलं.

"कण्हेर तोडली का दूध निंगते. याले कुठं हाय? अन् पान उलटं करून पाहा, पांढुरकं हाय. हे वाळुंज हाय साहेब. याले पाय सदा ओले लागते. जिथं वाळुंज, तिथं पाणी."

"कोनंतरी फांदी खोचली असंन," सोबत आलेले बापूराव म्हणाले. "वाळुंजाची फांदी कुठंबी लागते."

मला ते लगेच पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पण सीताबाई खाली बसल्या. मोठ्या झुडपांच्या बुडाशी वीतभर रोपं होती, बाजूला गुडघाभर, पलीकडे डोक्याएवढी.

"लावलेलं एखादं राह्यते, बापूराव. हे लेकरं कोनं लावले? शिमग्याच्या आंधी याच्या बियांचा कापूस उडते. ओल्या गाऱ्यात पडला तरच जगते, नाईतं चार दिवसांत मरते. म्हंजे दरसाल इथं ओल राह्यते. यंदाबी हाय."

मी वाळूत हात घातला. बोटं ओली झाली. ती मी पँटला पुसली आणि म्हणालो, "बाई, नकाशा मंजूर झालाय. आता काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर मी होतो, शिपाई होता आणि हजेरीचं मस्टर होतं. कामावर लावलेली वस्तीतली तीस माणसं खाली नाल्याकाठी खोदत होती. मी तावातावानं खाली गेलो.

"आखलेल्या जागी काम केलं नाही तर सगळ्यांची गैरहजेरी लागेल, मजुरी बुडेल!"

सीताबाईंनी पदर खोचला. "लावा. माहं नाव पयले लिवा. तुमची हजेरी काय घागरीत भरू?"

मी गैरहजेरी लिहिली. तीन दिवस लिहिली. रोज कचेरीत तक्रार करण्याची धमकी देऊन बापूराव जायचे, आणि रोज खड्डा हातभर खाली जायचा. चौथ्या दिवशी दुपारी म्हातारा चिंधू खड्ड्यातून "पानी!" म्हणून ओरडला. वर आला तेव्हा मांड्यांपर्यंत चिखलानं भरला होता आणि रडत होता. मी मस्टर काढलं आणि मागच्या तीनही दिवसांच्या गैरहजेऱ्या खोडल्या. नोकरीत केलेलं ते एकच धड काम मला अजून आठवतं.

विहिरीचं तोंड बांधायला मात्र जागा हवी होती, आणि सगळं वाळुंज तिथेच होतं. कुऱ्हाड कोणी उचलेना. सीताबाईंनी ती चिंधूच्या हातून घेतली.

"बाई, आता टोपल्या कशाच्या विणाल?" मी विचारलं.

"टोपल्यात पाणी राह्यते का, साहेब?" त्या म्हणाल्या आणि पहिला घाव घातला.

संध्याकाळपर्यंत काठ मोकळा झाला. त्यांनी तोडलेल्या फांद्यांची मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि बापूरावांच्या बांधावरून, ताठ मानेनं, सावकाश घरी गेल्या.