हारूनच्या हातून राहिलेलं ऑइल

गेला महिनाभर माझी गाडी चढाला लागली की दम खात होती. मी पाय दाबायचा, इंजिनाने नुसताच आवाज वाढवायचा, आणि मग मनात आलं तर गाडीने पुढं सरकायचं. चौक गावाच्या अलीकडचा चढ जवळ आला की मी आधीपासूनच स्टिअरिंग आवळून धरायची. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला असायचा. मोहोपाड्याच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत माझ्यात काही उरायचं नाही, आणि त्यानंतर दिवसभर कंपनीतल्या कामगारांची रक्तं तपासायची.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी. हिला क्लच नाही, उजव्या पायावर सगळं भागतं. गाडी येण्याआधी कित्येक वर्षं मी कर्जतहून चौक, चौकहून दांड फाटा, तिथून मोहोपाडा अशी सहा सीटच्या मिनीडोर रिक्षा बदलत जायची. मिनीडोरची पायरी उंच असते. मी कुबडी आत टाकून दांडा धरेपर्यंत कोणीतरी मागून दोन्ही काखांत हात घालून मला उचललेलं असायचं. माणसं चांगली होती, पण विचारायचं कोणी नाही. पोतं चढवावं तसं चढवायचे आणि वर ‘बसा मावशी’ म्हणायचे. मी तेव्हा जेमतेम पस्तिशीची होते.

जुनीच का होईना, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, तेव्हा मी मनाशी ठरवलं की यापुढे मला कोणी उचलायचं नाही. हे घरात कोणाला बोलले नाही, हारूनलाही नाही. नवऱ्याला काय सांगायचं? की रोज परके पुरुष मला काखेत धरून उचलतात? तो भांडायला गेला असता किंवा नोकरी सोड म्हणाला असता. मला दोन्ही नको होतं.

हारूनचा स्वतःचा मालाचा टेंपो आहे. फरशी, सिमेंट, पत्रे, काय मिळेल ते भरून तो पळसदरीपासून खालापूरपर्यंत फिरतो. उभा जन्म गिअर टाकण्यात गेला, त्यामुळे माझ्या गाडीवर त्याचा सुरुवातीपासून राग. “ही काय गाडी हाय? हिला चालवणारा लागतो तरी कशाला?” असं म्हणायचा. पण जपायचा मात्र टेंपोपेक्षा जास्त. दर शुक्रवारी सकाळी, नमाजच्या आंघोळीआधी, बॉनेट उघडून इंजिन ऑइल बघणार, ब्रेकचं बघणार, चाकांत हवा, काचेच्या फवाऱ्यात पाणी. मी खिडकीतून बघत चहा प्यायची. माझ्यावर जीव आहे हे त्याने तोंडाने कधी सांगितलं नाही, शुक्रवारी सकाळी तेवढं कळायचं.

फक्त गिअरबॉक्सचं ऑइल त्याने कधी बदललं नाही. “जिच्यात गिअर टाकावा लागत नाय, तिला गिअरचं ऑइल कसलं?” असा त्याचा हिशेब. एकदा मीच गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं, तर त्यातही लिहिलेलं, हे ऑइल आयुष्यभर चालतं. हारूनला आणखी काय पाहिजे होतं? पण आयुष्य गाडीचं की ऑइलचं, ते काही त्या पुस्तकात नव्हतं.

गाडी अडखळायला लागली आणि सल्ल्यांचा पूर आला. पनवेलचा माझा दीर अदनान फोनवर म्हणाला, “भाभी, जुन्या ऑइलला हात लावू नका, माझ्या मित्राची गाडी ऑइल बदललं आणि बसली.” लॅबचे डॉक्टर म्हणाले, “आजच्या आज बदला, नाहीतर बॉक्स जाईल.” दोघेही अगदी खात्रीने बोलत होते. मला कोणी खात्रीने बोललं की हल्ली झोपच येते.

शेवटी एका रविवारी दुपारी आम्ही गाडी घेऊन पळसदरी रस्त्यावरच्या किशोरच्या गॅरेजात गेलो. हारूनचा टेंपो त्याच्याकडेच असतो, ओळख जुनी. किशोरने गाडी वर उचलली, खालचा बोल्ट जरासा ढिला केला आणि थोडं ऑइल बाटलीत धरलं. शेजारी नवीन ऑइलचा डबा उघडून ठेवला. नवीन ऑइल कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. आमचं काळं होतं आणि त्याला करपलेला वास येत होता. माझा सगळा दिवस बाटल्यांचे रंग बघण्यात जातो. मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

“हारूनभाई,” किशोर म्हणाला, “हे कदी बदललंच नाय?”

हारूनने ती बाटली हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला, परत धरली. मग हळूच खाली ठेवली. त्याचा चेहरा बघून मला त्याच्यावर ओरडायचं होतं ते राहून गेलं.

“आता बदलून टाक,” तो म्हणाला.

“बदलतो, पण ऐका. आतल्या प्लेटा घासल्यात. त्यांचा भुगा या ऑइलात हाय, आणि आता त्याच भुग्यावर त्यांची पकड हाय. नवीन ऑइल तो भुगा धुऊन काढणार. मग एक तर गाडी सुधरंल, नायतर जागची हालणार नाय. दोन्ही बघितलंय मी.”

“आणि नाय बदललं तर?”

“तर चालंल. चालंल तवर.”

“म्हंजे कितीक दिवस?”

“ते कसं सांगू, हारूनभाई?”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. गाडी माझी, पण माझ्याकडे कोणी बघेना. हारूनने आयुष्यात वाहनाचा निर्णय कधी दुसऱ्यावर सोडलेला नाही. टायर कधी बदलायचे, इंजिनाचा पट्टा कधी घालायचा, ते तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. आता तो हाताला लागलेलं काळं ऑइल पँटला पुसत उभा होता. म्हणाला, “राहू दे. चालतेय तवर चालू दे.” आणि लगेच म्हणाला, “नाय तर बदलच.”

मी बाकड्यावर बसून ऐकत होते. इतकी दमले होते की मला खरं म्हणजे तिथंच आडवं व्हायचं होतं. पण एक गोष्ट मला अगदी स्वच्छ दिसत होती. ऑइल नाही बदललं, तर गाडी एक दिवस बंद पडणारच, आणि ती घरासमोर पडणार नाही. ती पडणार चढावर. आत मी एकटी, मागे ट्रक. मग चार माणसं धावत येणार, दार उघडणार आणि काखेत हात घालणार.

“बदला,” मी म्हटलं. “बंद पडायची असेल तर आज पडू दे. तुमी हाय तोवर पडू दे.”

“अगं पण चालतेय ना अजून?” हारून म्हणाला.

“रोज सकाळी मी जाते तिच्यातून, तुमी नाय जात.”

जरा जोरातच बोलले मी. किशोर गाडीखाली शिरला. काळं ऑइल बराच वेळ घमेल्यात गळत राहिलं. हारून शेजारी उकिडवा बसून ते शेवटच्या थेंबापर्यंत बघत होता. “माझ्या हातून राहिलं गं,” तो मान वर न करता म्हणाला. मी ‘असू दे’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

नवीन ऑइल भरून झालं. किशोर म्हणाला, मी चक्कर मारून आणतो. मी म्हटलं, मीच चालवणार. हारून शेजारी बसला. गॅरेजच्या आवारातून गाडी अशी अलगद बाहेर आली की आम्ही एकमेकांकडे बघितलं. सपाट रस्त्यावर झटका नाही की आवाज नाही. “बघ, कशी लोण्यासारखी चालतेय,” हारून म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसला. मीही हसले. मनातल्या मनात उद्याचा चौकचा चढ मी चढूनसुद्धा आले.

मग पळसदरीकडचा चढ लागला. मी पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी थांबली आणि हळूहळू मागे यायला लागली. मी ब्रेक दाबला. परत प्रयत्न केला, बंद करून चालू केली, पुन्हा केला. हारून म्हणाला, “अजून एकदा.” मी अजून एकदा केलं. मग त्याने हँडब्रेक ओढला आणि नुसता बसून राहिला. पळसदरीच्या धरणावर निघालेल्या मुंबईच्या गाड्या मागे खोळंबून हॉर्न वाजवायला लागल्या.

मला रडू आलं नाही. उद्या सकाळी मिनीडोर, एवढंच डोक्यात होतं. उद्या, परवा आणि मग रोज.

हारूनने खाली उतरून चाकांना दगड लावले आणि किशोरला फोन केला. तेवढ्यात कर्जतकडे उतरणारी एक मिनीडोर आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, पण भला माणूस. “हितं उन्हात कशाला बसवता त्यांना? घरी सोडतो,” म्हणाला. मी गाडीतून उतरले, कुबडी टेकत मिनीडोरपर्यंत गेले आणि कुबडी आत ठेवली. तो मागून आला आणि, सगळे करतात तसेच, दोन्ही हात माझ्या काखेत घातले.

“सोड तिला,” हारून ओरडला.

“मदत करतोय, चाचा.”

“मदतच करतायत,” मी म्हटलं. “रोज असंच चढवायचे मला. गाडी घेईपर्यंत, रोज.”

हारून माझ्याकडे बघतच राहिला. ड्रायव्हर ओशाळून बाजूला झाला. मग हारून पुढे आला, ऑइलने काळे झालेले हात त्याने शर्टाला पुसले, आणि तोही मला उचलायला वाकला.

“नाय,” मी म्हटलं. “उचलायचं नाय. नुसता हात द्या. मी चढते.”

त्याने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मला वेळ लागला, नेहमी लागतो. मागे कोणीतरी हॉर्न दाबूनच धरला होता. हारून माझा हात न सोडता त्याच्याकडे वळला.

“चढतेय ती,” तो ओरडला. “दिसत नाय काय?”