जादूगाराचं पारडं

दर रविवारी दुपारी शिंपीदादा कापड बेतायचं टेबल रिकामं करायचा, त्यावर खडूनं गुहा-भुयारं आखायचा आणि बटणांचे राक्षस मांडायचा. फाशांवर चालणारा कल्पनेचा हा खेळ तो चालवायचा. बायको योद्धा व्हायची, धाकटा भाऊ जादूगार.

सुरुवातीला योद्ध्याचीच चलती होती. पण खेळ पुढे सरकला तशी जादूगाराची मंत्रांची पोतडी फुगत गेली. वहिनी तलवार उपसेपर्यंत धाकटा अख्खी फौज राख करून मोकळा!

"भाऊजी, मी आपली बाहेर चपला सांभाळत बसते," ती म्हणायची. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, दोघांची पारडी सारखी करा की जरा!"

शिंपी हसण्यावारी न्यायचा. धाकट्याची स्मरणशक्तीच तशी होती. औषधांच्या दुकानात तो कामाला होता; तिथे कपाटाकडे न बघता गोळ्यांची नावं सांगायचा. मंत्र म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

मग त्याच दुकानात त्यानं एका बाईंना भलतंच पाकीट दिलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं आता वाढतच जाणार. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं.

खेळात त्याची पाळी आली की तो तोंड उघडायचा, आणि शब्द सापडायचा नाही. एकदा शिंप्यानं घसा खाकरला. "आजपासून जादूगाराला तीनच मंत्र. योद्ध्यावर फार अन्याय होत होता."

"दादा," धाकटा म्हणाला, "इतकी वर्षं वहिनी कंठशोष करत होत्या, तेव्हा नाही तुला न्याय सुचला."

शिंपी खडूची रेघ पुसून पुन्हा आखू लागला. शेवटी धाकटाच म्हणाला, "वहिनी, योद्धा मला द्या. नुसतं मारायचं, एवढं राहील लक्षात."

त्यांनी अदलाबदल केली. फाशावर मोठा आकडा पडला आणि धाकट्याच्या पहिल्याच वारात राक्षस उताणा झाला. तो खदखदून हसला. शिंप्याचाही जीव भांड्यात पडला.

पुढच्या भुयारात मिट्ट काळोख होता. धाकट्यानं टेबलाभोवती पाहिलं. "उजेड पाडायला आपला जादूगार हवा. कुठे गेला तो?"

शिंप्याच्या बोटांत खडू मोडला.

"येतोय, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आपण थांबू त्याच्यासाठी."

तो शहाण्यासारखा थांबला.

पुढे त्याला फाशावरचे ठिपकेही मोजता येईनात. वहिनी मोजून सांगायची, आणि आकडा कितीही पडो, शिंपी म्हणायचा, "लागला वार."